बंद केलं म्हणजे बंद झालं का?

मैत्रिणींनो, दसरा जवळ आला की घरोघरी एकच धांदल. अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात, डबे अंगणात येतात, माळ्यावरची भांडी खाली उतरतात, आणि एखादी वहिनी पदर खोचून, स्टुलावर चढून, ओल्या फडक्यानं पंख्याची पाती पुसत असते. तिला विचारा, "अहो, लाइट बंद केली का?" ती म्हणणार, "बटण बंद आहे की!" आणि हात चालूच.

आज मला बोलायचं आहे ते या "बंद आहे की" बद्दल.

मागे एका भगिनीचं पत्र आलं होतं. बल्ब बदलायला म्हणून त्यांनी बटण बंद केलं, दिवा विझलेला डोळ्यांनी पाहिला, आणि होल्डरला बोट लागताच असा झटका बसला की त्या स्टुलावरून खालीच आल्या. थोडक्यात निभावलं. त्यांचा प्रश्न साधा होता. बटण बंद, दिवा बंद, मग शॉक आला कुठून?

याचं उत्तर नळाच्या उदाहरणानं लवकर कळेल. आपल्या घरात विजेच्या दोन तारा येतात. एक फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी. दुसरी न्यूट्रल, परत नेणारी. फेज म्हणजे टाकीकडून येणारा पाइप समजा आणि न्यूट्रल म्हणजे मोरीकडे जाणारा. तोटी टाकीच्या बाजूला असली तर ती बंद केल्यावर पुढचा पाइप रिकामा होतो. पण एखाद्यानं तोटी मोरीच्या बाजूला बसवली तर? पाणी वाहायचं थांबेल खरं, पण पाइप काठोकाठ भरलेलाच राहील. बटणाचंही तसंच आहे. ते फेजच्या तारेवर हवं. वायरिंग करणाऱ्यानं घाईत ते न्यूट्रलवर बसवलं तर दिवा विझतो, पंखा थांबतो, आणि होल्डरमध्ये वीज जशीच्या तशी बसून राहते. त्या भगिनीच्या घरी हेच झालं असणार. असं बटण दिसायला इतर बटणांसारखंच दिसतं, आणि घर भाड्याचं असेल तर वायरिंग कोणी केलं हेही आपल्याला ठाऊक नसतं.

आता दुसरी गोष्ट पाहा. आपण म्हणतो, "लाइट गेली." म्हणजे काय झालं? दिवे गेले, एवढंच आपल्याला कळलं. कधी मीटरपाशी किंवा पोलवर न्यूट्रलची तार तुटते किंवा सैल होते. तेव्हाही दिवे जातात, पण फेज घरात येतच असते. अशा वेळी तीन भोकांच्या सॉकेटमध्ये टेस्टर घाला. खालच्या दोन भोकांपैकी एरवी एकातच लागणारा टेस्टर आता दोन्ही भोकांत लागतो. जोडलेल्या फ्रिजमधून किंवा पंख्यातून वीज न्यूट्रलच्या तारेतही येऊन थांबलेली असते. घरात अंधार आणि दोन्ही तारा जिवंत. दोन्ही भोकांत टेस्टर लागला की मेन स्विच बंद करायचा आणि वायरमनला बोलवायचं. "लाइट नाहीच आहे तर तेवढ्यात होल्डर नीट करून घेते" असं म्हणायला हीच वेळ सगळ्यात वाईट.

तेव्हा दिवा विझला, बटण बंद केलं, लाइट गेली, या तिन्हींपैकी एकावरही हात लावू नये. तार मेली आहे की नाही हे टेस्टर सांगतो. मात्र तो खरं सांगतो की नाही, हे आधी पाहावं लागतं.

टेस्टर प्रत्येक घरात असतो. कुठे, ते विचारू नका. शिवणयंत्राच्या खणात, नाहीतर देवघराच्या फळीवर, कधी फ्रिजच्या डोक्यावर. आपण त्यानं रंगाच्या डब्याचं झाकण उचकटतो, मिक्सरचा स्क्रू पिळतो, चूल साफ करतो. एवढे हाल सोसून तो शेवटी विजेच्या कामाला येतो. त्याच्या पारदर्शक दांडीत दोन वस्तू असतात. एक निऑन वायूचा इवलासा दिवा आणि दुसरा प्रचंड अडथळा करणारा एक रोधक. टोक तारेला लागलं आणि मागच्या धातूच्या टोपीला आपलं बोट लागलं की त्या रोधकातून अगदी नखभर वीज आपल्या अंगातून जमिनीकडे जाते. आपल्याला ती कळतही नाही, पण निऑनला तेवढी पुरते. टेस्टर वापरणं म्हणजे आपण स्वतः त्या वाटेचा एक भाग होणं, हे लक्षात असू द्या. म्हणून हात कोरडे हवेत, दांडीला तडा नको, आणि टोकाच्या उघड्या धातूला बोट मुळीच नको. झाकणं उचकटून आतला रोधक हललेला टेस्टर फुकटचा खोटेपणा करतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे झटका देतो. विजेचा टेस्टर विजेलाच ठेवा. झाकणाला जुना चमचा आहेच.

हा टेस्टर खोटं कधी बोलतो? मागच्या टोपीला बोट नीट टेकलं नसलं तर तो लागत नाही. दुपारच्या लख्ख उजेडात लागलेला दिसत नाही, हाताचा आडोसा करून पाहावं लागतं. आपण रबरी चपला घालून लाकडी स्टुलावर उभ्या असलो तर तो इतका मंद लागतो की नाहीच लागला असं वाटतं. निऑन साधारण ७० व्होल्टच्या खाली पेटतच नाही. आणि तो जळला असेल तर अर्थातच पेटत नाही. या प्रत्येक वेळी आपल्याला दिसतं एकच, "लागला नाही." म्हणजे वीज नसताना जे दिसतं तेच टेस्टर बिघडल्यावरही दिसतं. सगळा धोका इथे आहे.

यावर जाणकार कारागिरांची एक पद्धत आहे, आणि ती जगभर सारखीच आहे. टेस्टर आधी अशा ठिकाणी लावायचा जिथे वीज आहे हे पक्कं ठाऊक आहे. लागला? ठीक. मग मेन स्विच किंवा त्या खोलीचा एमसीबी बंद करून जिथे काम करायचं त्या तारेला लावायचा, एकाच नाही, तिथल्या प्रत्येक तारेला. नाही लागला? तरी लगेच हात घालायचा नाही. पुन्हा एकदा चालू ठिकाणी लावून बघायचा. तिथे लागला, तरच मधलं "नाही" खरं. किराणा दुकानदार वजन करण्याआधी रिकामा तराजू आपल्याला दाखवतो ना, तसंच हे. आता तुम्ही म्हणाल, मेन बंद केल्यावर अख्खं घर बंद, चालू ठिकाण आणायचं कुठून? शेजारच्या काकूंकडे जा. दोन मिनिटं लागतात. आणि खोलीपुरताच एमसीबी पाडला असेल तर दुसऱ्या खोलीत बघा.

हल्ली बाजारात पेनासारखा टेस्टर मिळतो. तारेला न टेकवता, नुसता जवळ नेला की तो लाल होतो आणि पीं पीं वाजतो. सोयीचा आहे, अंगातून वीज जायची भानगड नाही. पण त्यात सेल असतो. सेल संपला की हा पोपट गप्प, आणि आपण समजणार की तार मेली. शिवाय शेजारून दुसरी चालू तार गेली असेल तर मेलेल्या तारेवरही तो वाजतो. त्यालाही आधी आणि नंतर चालू तारेवर पाहणं सुटत नाही. काही वायरमन होल्डरला दोन वायरी जोडून बल्ब लावून पाहतात. तो बल्ब न्यूट्रल तुटलेली असली तर फेज जिवंत असूनही लागत नाही. तेवढ्यावर विसंबू नये.

घरात २३० व्होल्टसाठी ही तऱ्हा, तर रस्त्यावरच्या तारांचं काय असेल! आमचं शिरड शहापूर हे औंढा नागनाथहून वसमतला जाताना वाटेत लागणारं गाव. बाहेरची माणसं मल्लिनाथांच्या मंदिराला येतात, म्हणून नाव पुष्कळांना माहीत असतं. गावाभोवती हळद, सोयाबीन, कापूस, आणि शेतांतून मोटारींसाठी गेलेल्या तारा. पोलवरून जाणारी मोठी लाइन ११,००० व्होल्टची असते. गावची लाइन वेगळी, शेतीची वेगळी, आणि कुठे कुठे दोन्ही एकमेकींना ओलांडून जातात. वळवाचं वारं सुटलं की कुठेतरी फांदी पडते, चिमणी फुटते, आणि गाव अंधारात.

मी दुपारच्या वेळात शाळेत शिकवायला जाते. तिथे सातवीत एक मुलगी आहे, तिचे वडील लाइनमन. परवा पावसात वर्गातली लाइट गेली तेव्हा मुलं तिच्या मागे लागली, "तुझ्या पप्पाला फोन लाव ना." ती शांतपणे म्हणाली, "पप्पा पोलवर असले की आम्ही फोन लावत नसतो." बारा वर्षांची पोर! पालकसभेला तिचे वडील आले तेव्हा मी मुद्दाम थांबवून विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, लाइन गेली म्हणजे मेली असं नसतंय. मेली का ते बघावं लागतंय, अन् मेली असली तरी बांधून ठेवावं लागतंय."

त्यांनी "बांधून ठेवणं" म्हटलं ते काय, ते ऐका. आधी लाइनमन उपकेंद्रातून परमिट घेतो. तिथला ऑपरेटर लाइन बंद करतो, कोणाला कधी परमिट दिलं ते लिहून ठेवतो, आणि तोच माणूस परमिट परत करेपर्यंत लाइन सोडायची नाही असा दंडक असतो. मग कामाच्या जवळचा पोलवरचा मोठा स्विच हँडल ओढून उघडायचा आणि कुलूप घालायचं. मग लांब, वीज न वाहणाऱ्या काठीच्या टोकाला लावलेलं व्होल्टेज डिटेक्टर खालूनच तारेजवळ न्यायचं. वीज असली तर ते चमकतं आणि वाजतं. तेही आधी चालू लाइनवर तपासलेलं हवं, आपल्या टेस्टरसारखंच. तिन्ही तारा पाहायच्या. आणि त्यावरही विश्वास न ठेवता तिन्ही तारा एकत्र जोडून जमिनीला अर्थ करायच्या. हेच ते बांधून ठेवणं. नंतर कोणी चुकून लाइन सोडलीच तर ती वीज माणसातून न जाता या अर्थच्या तारेतून जमिनीत जाते आणि उपकेंद्रातला ब्रेकर पडतो. हे सगळं झाल्यावर माणूस वर चढणार.

एवढा पसारा कशाला, स्विच तर उघडला ना? असं कोणालाही वाटेल. पण त्या स्विचला तीन तारांची तीन पाती असतात. हँडल खाली आलं तरी एखादं पातं गंजून तसंच चिकटून राहतं. दोन तारा मेल्या, तिसरी जिवंत, आणि खालून तिन्ही सारख्याच दिसतात. शेजारून चालू लाइन गेली असेल तर बंद तारेतही वीज उतरते. वरून ओलांडणारी दुसरी लाइन सैल होऊन टेकलेली असते. आणि शेवटचं कारण तुमच्या-आमच्या घरातलं आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

लाइट गेली की काही ठिकाणी जनरेटर सुरू करतात. दुकानात, लग्नघरात, पिठाच्या गिरणीत. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून जनरेटरची वीज सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालतात, म्हणजे सगळं घर उजळतं. मध्ये चेंजओव्हर स्विच नाही आणि मेन बंद करायला कोणी विसरलं, तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर निघते आणि डीपीपर्यंत जाते. डीपीचं काम ११,००० व्होल्टचे घरगुती व्होल्ट करणं. उलट्या बाजूनं वीज आली की ती उलटंच काम करते, २३० चे पुन्हा हजारो व्होल्ट करून मोठ्या लाइनवर सोडते. तिकडे दोन शेतं ओलांडून कोणीतरी बंद लाइनवर काम करत असतो, उपकेंद्रातून लाइन बंद आहे या भरवशावर. इकडे आपण पंख्याखाली जेवायला बसलेल्या. नीट बसवलेला घरचा इन्व्हर्टर असं करत नाही, त्याच्या आतच ती सोय असते. पण जनरेटर असेल तर चेंजओव्हर हवाच, आणि ती दोन पिनांची वायर कोणाच्या घरी दिसली तर त्या घरच्या बाईशी ओळख असल्याचा हक्क जरूर गाजवा.

तार हाताळण्याआधी तिच्यातली वीज काढून टाकावी आणि ती पुन्हा चुकूनही येणार नाही अशी तजवीज करावी, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच लिहिलं होतं. २०१० आणि मग २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही ते आहे. म्हणजे नियम काही नवा नाही. तरीही आपल्या देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्यानं जातात. त्यांत लाइनमन असतात, शेतकरी असतात, आणि कपडे वाळत घालणाऱ्या बायकाही असतात.

नियम मोडतो कुठे? माझं स्पष्ट मत आहे की निम्म्या वेळा तो आपल्या घाईपायी मोडतो. लाइट जाऊन पंधरा मिनिटं झाली की गावातून फोन सुरू. "किती वेळ? मालिका चुकली, पाणी भरायचंय, पाहुणे बसलेत." पोलखाली चार माणसं जमतात आणि म्हणतात, "अहो भाऊ, बंदच आहे ना, चढा की!" डिटेक्टर लावायला आणि अर्थ बांधायला जी दहा-पंधरा मिनिटं लागतात, तीच या गोंगाटात वाचवली जातात. आणि लाइनमन यायला उशीर झाला तर गावातला एखादा हुशार पोरगा पुढे होतो. त्याला आपल्याकडे झिरो वायरमन म्हणतात. ना परमिट, ना डिटेक्टर, ना हातमोजे. शंभर-दोनशे रुपये आणि शाबासकी यासाठी तो डीपीत फ्यूज टाकायला हात घालतो. त्याला पाठवणारे आपणच असतो. घरचे पुरुष त्याला बोलवायला निघाले तर अडवायला आपण तोंड उघडायला हवं. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे, लाइट गेल्याची तक्रार एकदा त्यावर नोंदवावी आणि मग मेणबत्ती लावून गप्प बसावं. तुटलेली तार पडलेली दिसली तर मात्र लगेच कळवा, आणि "मेलेलीच आहे" म्हणून कोणालाही जवळ फिरकू देऊ नका.

बायकांचं या कामाशी नातं काय, असं मनात आलं असेल तर बीड जिल्ह्यातल्या उषा जगदाळे यांचं नाव आठवा. २०२० मध्ये लॉकडाउनच्या दिवसांत त्यांचा सरसर पोलवर चढतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. महावितरणात त्यांच्यासारख्या तंत्रज्ञ बायका आज काम करतात. पोलवर आता लाइनमनच असेल असं नाही, एखादीची लेक किंवा सूनही असू शकते.

आता परत घरात येऊ, कारण इन्व्हर्टरचं अर्धंच सांगितलं. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन स्विच पाडला तरी त्याच्यावरचे दिवे-पंखे जिवंतच राहतात. मेन गेला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानानं वीज द्यायला लागतो! तेव्हा पंखा काढायचा, होल्डर बदलायचा तर मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद. आणि मग टेस्टर. छतावर सौर पाट्या बसवल्या असतील, आणि २०२४ मध्ये सूर्यघर योजना आल्यापासून पुष्कळांनी बसवल्या आहेत, तर ऊन असेपर्यंत पाट्यांकडून येणाऱ्या वायरींत वीज असतेच. मेन पाडून ती जात नाही आणि आपला निऑनचा टेस्टर तिथे कामाचाही नाही. त्या वायरींना आपण हातच लावायचा नाही.

घरी वायरमन आला की चहा टाकायला लगेच आत जाऊ नका. तो काय करतो ते पाहा. मेन बंद करून चिनी मातीचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतो का? जुने कारागीर हटकून घालतात, म्हणजे तो तारेला भिडलेला असताना कोणी पोरसवदा जाऊन मेन सुरू करू शकत नाही. एमसीबी असेल तर त्यावर कागद चिकटवतो का, की "काम चालू आहे, हात लावू नये"? टेस्टर आधी चालू जागी लावून बघतो का? नसेल तर आपण म्हणायचं, "दादा, एकदा टेस्टर लावून घ्या ना, मला बघायचंय." राग आला तर येऊ द्या. आणि तो आलाच आहे तर दोन कामं सांगून टाका. प्रत्येक बटण फेजवर आहे का ते तपासून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक, ज्याला बरेच जण ईएलसीबी म्हणतात, तो नसेल तर बसवून घ्या. तार कुठे गळत असेल तर तो क्षणात लाइट पाडतो. पत्र्याच्या घरात, लोखंडी कूलर असलेल्या घरात तर तो हवाच. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी ओतताना बटण नव्हे, पिनच काढायची. कपडे वाळत घालायला लोखंडी तार न बांधता नायलॉनची दोरी बांधायची.

कोणी विजेला चिकटलंच तर त्याला हात लावू नका, अगदी पोटचं पोर असलं तरी. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं ढकला. रस्त्यावरच्या मोठ्या लाइनजवळ मात्र लाकूडही चालत नाही, तिथे लांब राहूनच लाइन बंद करायला लावायची. सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दाबत राहा आणि दुसऱ्या कोणाकडून १०८ ला फोन करवा.

टेस्टरची जागा आज ठरवून टाका. आमच्याकडे तो मीटरच्या बाजूला खिळ्याला दोरीनं टांगलेला आहे, आणि त्याला हात लावायचा तो फक्त विजेसाठी, असं घरात सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. नवा घेताना दांडीवर ५०० व्होल्ट लिहिलेलं आणि आयएसआयची खूण पाहून घ्या. दुकानातच चालू सॉकेटमध्ये लावून बघायला मागा. दुकानदार काही म्हणत नाही.